हृदयाच्या धमनीतील पेटका आणि मधुमेह

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनाचा दिवस हा भेटीगाठींचा, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा आणि पंगतीचा दिवस. अशा दिवशी रोगाचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. तथापि आपल्या चिटणिसांनी आरोग्यावर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा मी मुद्दामच असा विषय निवडला की जो आपल्यापैकी काही घरांत शिरलेला असेल, परंतु ज्याचे नाव फार थोड्या घरांत ठाऊक आहे. मधुमेह ठाऊक नाही असे घर आता विरळा. 'हृदयविकाराचा झटका' हे शब्द तर लहान मुलांच्याही तोंडी आहेत. परंतु हृदयाचा आणखी एक विकार आहे. हृदयाला रक्त पुरविणारी धमनी काही मिनिटे आपोआप आवळली जाते आणि पुन्हा सैल होते. रात्री झोपेत पोटरीत गोळा यावा, तसा जणू हृदयाच्या धमनीत पेटका येतो. या पेटक्याविषयी, आणि मधुमेही माणसाने त्याकडे अधिक सावधपणे का पाहावे याविषयी, मी आज बोलणार आहे.

माझ्या सांगण्याचे सार आरंभीच सांगून टाकतो. माणूस स्वस्थ पडला असता, विशेषतः उत्तररात्री वा पहाटे, छातीत येणारी कळ ही 'वायू' किंवा 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नये; आणि धमन्यांच्या चित्रात अडथळा दिसला नाही, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरले असे समजू नये. मधुमेही माणसाने तर हा समज मुळीच करून घेऊ नये.

हृदय हे सर्व शरीराला रक्त पुरविते हे आपण जाणतो. परंतु हृदय स्वतःही एक स्नायू आहे आणि त्यालाही रक्त लागते, इकडे आपले लक्ष नसते. हे काम हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या कॉरोनरी धमन्या करतात. उजवी आणि डावी अशा दोन मुख्य धमन्या असून डावीच्या पुढे दोन मोठ्या शाखा होतात. या धमन्यांच्या आतल्या अंगावर वर्षानुवर्षे मेदाचे थर साचतात, वाट अरुंद होते, आणि जिना चढताना वा भरभर चालताना स्नायूला रक्त अपुरे पडून छाती आवळल्यासारखी दुखते. मळ्यातील पाटात गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचत नाही, तसाच हा प्रकार. हे चित्र बहुतेकांच्या मनात पक्के बसलेले आहे आणि ते खरेही आहे.

परंतु धमनी म्हणजे मातीचा पाट नव्हे, की लोखंडी नळही नव्हे. ती जिवंत आहे. तिच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो आणि तो क्षणोक्षणी आकुंचन-प्रसरण पावून हृदयाच्या गरजेप्रमाणे रक्ताचा ओघ कमीजास्त करीत असतो. हा स्नायू अकारण आणि जोराने आवळला गेला, तर आत गाळाचा कणही नसताना वाट बंद होऊ शकते. बागेला पाणी घालण्याची रबरी नळी आतून स्वच्छ असली तरी तिच्यावर कोणी पाय दिला की पाणी थांबते, आणि पाय उचलला की पुन्हा वाहू लागते. नंतर नळी तपासणाऱ्याला तिच्यात काहीच दोष आढळत नाही. या विकाराची सारी फसगत याच एका गोष्टीत आहे.

वैद्यकशास्त्राला हे सत्य पटण्यास बराच काळ लागला. विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे हृच्छूलाचे वर्णन वाचले. चढण चढताना, विशेषतः जेवणानंतर, छातीत येणारी आणि उभे राहताच थांबणारी ती कळ, हे त्याचे वर्णन आजही खरे ठरते. काही रोग्यांना ही कळ रात्री अंथरुणात येऊन उठवून बसविते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. १९१० साली सर विल्यम ऑस्लर यांनी याच विषयावर व्याख्याने दिली, तेव्हा धमनीच्या आकुंचनाची शक्यता विचारात घेतलेली होती. परंतु जिवंत माणसाच्या धमनीत काय चालले आहे हे डोळ्यांनी पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे हा तर्क मागे पडला आणि गाळ साचण्याची उपपत्ती पुढे आली.

१९५९ साली लॉस एंजेलिसचे डॉक्टर मायरन प्रिंझमेटल व त्यांचे सहकारी यांनी ३२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रोग्यांना श्रमाने नव्हे, तर स्वस्थ पडले असता दुखे. दुखण्याचा वेळ पुष्कळदा ठरलेला असे. ई.सी.जी. म्हणजे हृदयाचा विद्युत्-आलेख दुखताना ठळकपणे बदले आणि कळ थांबताच पूर्ववत् होई. धमनीच्या भिंतीचा ताण तात्पुरता वाढत असावा, असे अनुमान त्यांनी काढले. त्याच सुमारास, म्हणजे १९५८ साली, अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी धमनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी तिचे चित्र घेण्याची रीत शोधून काढली होती. ती रीत आज अँजिओग्राफी या नावाने घरोघरी परिचित आहे. या चित्रांच्या साहाय्याने १९७३ साली धमनी आवळली जात असताना प्रत्यक्ष टिपली गेली. पुढे इटलीतील पिसा येथे अत्तिल्यो मासेरी यांनी दाखवून दिले की हा पेटका केवळ वेदना देऊन थांबत नाही. क्वचित् तो हृदयविकाराच्या झटक्यालाही कारण होतो. जपानात हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो. तेथील कुमामोतो येथे हिरोफुमी यासुए यांनी त्याचा सखोल अभ्यास केला आणि १९८६ साली ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या साहाय्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हा पेटका मुद्दाम उत्पन्न करून निदान करण्याची परीक्षा प्रसिद्ध केली.

येथे एक प्रश्न साहजिकच पुढे येतो. ॲसिटिलकोलीन हे तर शरीरात स्वभावतः असणारे द्रव्य. त्याने निरोगी माणसाची धमनी सैल व्हावी आणि रोग्याची मात्र आवळली जावी, हे का? याचे उत्तर धमनीच्या अंतःस्तरात आहे. धमनीच्या आतल्या अंगाला पेशींचे एकेरी, अतिशय पातळ अस्तर असते. पूर्वी ते केवळ अस्तरच समजत. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सिद्ध केले की हे अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीनने धमनी सैल होते. ते खरवडून काढले तर त्याच द्रव्याने ती आवळते. हे अस्तर भिंतीतील स्नायूला 'सैल हो' असा निरोप सतत पाठवीत असते, आणि तो निरोप नेणारा दूत म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू, हे पुढील वर्षांत उघड झाले. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. यातील योगायोग पाहा. हृच्छूलावर जिभेखाली ठेवण्याचे नायट्रोग्लिसरीन १८७९ पासून वापरात आहे आणि त्याचा गुण याच वायूमुळे येतो. ज्या आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरिनापासून सुरुंगाची दारू बनवून संपत्ती मिळविली, त्यालाच आयुष्याच्या अखेरीस, १८९६ साली, त्याच्या हृदयासाठी वैद्यांनी तेच द्रव्य घेण्यास सांगितले होते!

आता मधुमेहाकडे वळू. मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढणे, एवढीच आपली समजूत असते. परंतु साखरेचे मोजमाप हे रोगाचे केवळ बाह्य चिन्ह होय. वाढलेली साखर ज्या ठिकाणी सर्वांत अधिक अपाय करते, ते ठिकाण म्हणजे हेच नाजूक अस्तर. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पेशींत ऑक्सिजनपासून विध्वंसक कण अधिक प्रमाणात निर्माण होतात आणि ते नायट्रिक ऑक्साइडला वाटेतच गाठून नष्ट करतात. निरोप निघतो, परंतु पोहोचत नाही. दुसरीकडे, भिंतीतील स्नायूला आवळण्याची आज्ञा देणारी द्रव्ये प्रबळ होतात. सैल करणारा हात दुबळा आणि आवळणारा हात बळकट, अशी ही विषम कुस्ती होय. आवळण्याची ही वृत्ती पृष्ठभागावरील मोठ्या धमन्यांतच असते असे नाही. डोळ्यांना वा चित्राला न दिसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतही ती असू शकते, आणि मधुमेहात या सूक्ष्म वाहिन्याच विशेष पोळतात.

तथापि येथे अतिशयोक्ती करणे योग्य नव्हे. मोठ्या धमनीतील पेटक्याशी धूम्रपानाचा संबंध जितका ठामपणे सिद्ध झाला आहे, तितका मधुमेहाचा झालेला नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास या बाबतीत एकमुखाने बोलत नाहीत. प्रत्येक मधुमेह्याला पेटका येतोच असे नाही, आणि पेटका येणारा प्रत्येक जण मधुमेही असतो असेही नाही. उलट मधुमेही माणसाच्या छातीत दुखले, तर प्रथम शंका साचलेल्या अडथळ्याचीच घ्यावयास हवी, कारण तोच अधिक आढळतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून चाललेल्या प्रसिद्ध पाहणीत, मधुमेह्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका दुप्पट ते तिप्पट असल्याचे आढळले, आणि स्त्रियांच्या बाबतीत ही वाढ तुलनेने अधिक दिसली. मग पेटक्याचा एवढा विचार कशासाठी? अशासाठी की अडथळा नाही असे ठरल्यावर आपला शोध थांबतो, आणि तो तेथेच थांबता कामा नये.

मधुमेहाचा दुसरा अपाय याहून कपटी आहे. तो मज्जातंतूंना बधिर करतो. पायाला खडा टोचलेला कळत नाही, हे आपण अनेक मधुमेह्यांत पाहतो. हृदयाकडून येणारे वेदनेचे निरोपही तसेच मंदावतात. अशा माणसाला छातीत स्पष्ट कळ न येता नुसता घाम फुटेल, धाप लागेल, जबडा वा डावा हात जड वाटेल, अंगातील शक्ती एकाएकी गेल्यासारखी होईल किंवा चक्कर येईल. पहाटे मधुमेह्याला दरदरून घाम सुटला की घरची मंडळी 'साखर उतरली' असे म्हणून साखरपाणी देतात. ते चूक नव्हे. साखर उतरणे हेही संकटच आहे, आणि त्यानेही हृदयावर ताण पडतो. परंतु घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर ताबडतोब मोजा. साखर उतरलेली नसेल आणि घाम वा अस्वस्थता कायम असेल, तर ती हृदयाची हाक समजा. यंत्र नसेल तर साखर द्या आणि तरीही डॉक्टरांकडे चला.

केवळ शास्त्र सांगून विषय मनाला भिडत नाही. यास्तव एका घरातील हकिगत, ओळख पटू नये इतपत बदलून, सांगतो. साठीच्या घरातील एक बाई. बारा वर्षांचा मधुमेह. सकाळी मिश्री लावण्याची जुनी सवय. चार-साडेचारच्या सुमारास त्यांना छातीवर पाटा ठेवल्यासारखे होऊन जाग येई. यजमान ओवा देत, सोडा देत. दहा मिनिटांत बरे वाटे आणि श्रेय ओव्याला जाई. दिवसा त्याच बाई तीन मजले चढून बाजारहाट करीत, त्यामुळे दुखण्यावर कोणाचा विश्वास बसेना. अखेर मुलाने एका रुग्णालयात नेऊन अँजिओग्राफी करविली. मोठा अडथळा निघाला नाही. 'हृदय उत्तम आहे, चिंता सोडा,' असे सांगून त्यांना घरी पाठविण्यात आले. घरी पेढे वाटले गेले. पुढे त्यांनी पुन्हा तक्रार केली की सून म्हणे, "अहो आई, रिपोर्ट चांगला आला ना? मग कशाला मनाला लावून घेता?" सून मनाने वाईट नव्हती, तिला जे सांगितले गेले तेच ती बोलत होती. परंतु त्या दिवसापासून बाईंनी सांगणेच सोडले. एका थंडीतल्या पहाटे न्हाणीघराच्या दारात त्या शुद्ध हरपून पडल्या. नशिबाने शुद्धीवर आल्या. या खेपेस एका डॉक्टरांनी त्यांना जवळ बसवून दुखणे केव्हा येते, किती वेळ टिकते, काय करीत असता येते, हे सविस्तर विचारले आणि चोवीस तास हृदयाचा आलेख टिपणारे यंत्र अंगावर बांधले. पहाटेच्या वेळी आलेख बदलला आणि हृदयाची लयही बिघडली. निदान झाले. औषध सुरू झाले, मिश्री सुटली आणि पहाटेची कळ थांबली.

मित्रहो, या हकिगतीत खलपुरुष कोणीच नाही, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. यजमान प्रेमळ, मुलगा कर्तव्यदक्ष, सून सालस. उणीव होती ती फक्त एका माहितीची. धमन्यांचे चित्र हे त्या क्षणाचे चित्र असते. ते दिवसा, रोगी शांत असता घेतले जाते. आवळणारी धमनी त्या वेळी सैल असू शकते. म्हणून 'अडथळा नाही' आणि 'विकार नाही' ही दोन भिन्न विधाने आहेत.

स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने ही गोष्ट उत्तम रीतीने दाखविली. छातीत दुखत असूनही ज्यांच्या चित्रात मोठा अडथळा नव्हता अशा १५१ रोग्यांची अधिक परीक्षा करण्यात आली; धमन्या आवळतात का, सूक्ष्म वाहिन्या नीट काम करतात का, हे पाहिले गेले. निम्म्या रोग्यांच्या डॉक्टरांना हे निष्कर्ष कळविले आणि त्याप्रमाणे औषधयोजना झाली. उरलेल्यांच्या डॉक्टरांना ते कळविले नाहीत. सहा महिन्यांनी पाहता, ज्यांचे नेमके निदान डॉक्टरांना कळले होते, त्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते. नवे औषध शोधले गेले नव्हते; उपलब्ध औषध योग्य माणसाला मिळाले, एवढेच. अशी परीक्षा सर्वच रुग्णालयांत होत नाही आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते. परंतु 'माझी धमनी आवळत असेल का?' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे.

उपचारासंबंधी थोडे सांगतो, ते स्वतः औषध घेण्यासाठी नव्हे, तर डॉक्टरांशी सुज्ञपणे बोलता यावे म्हणून. पेटका आला असता जिभेखाली ठेवण्याचे नायट्रेट वर्गातील औषध धमनी सैल करते. पेटका येऊच नये यासाठी कॅल्शियम-रोधक औषधे, उदाहरणार्थ डिल्टियाझेम, निफेडिपीन, ॲम्लोडिपीन, हा मुख्य आधार होय. ही औषधे एकाएकी बंद करू नयेत. तसे केल्यास पेटके उसळून येण्याचा संभव असतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी काही बीटा-रोधक औषधे, जी इतर हृदयरोगांत उपकारक ठरतात, ती या विकारात पेटका वाढवू शकतात. परंतु याचा अर्थ आपण चालू असलेली गोळी आपल्या मनाने सोडावी असा नव्हे, कारण तसे करणेही धोक्याचे आहे, डॉक्टरांस विचारावे. अर्धशिशीवरील अर्गोटामीन व ट्रिप्टान जातीची औषधे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून तीही घेत असल्यास न लाजता सांगावे. पुरुषत्वाच्या तक्रारीसाठी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर ते सांगितलेच पाहिजे, कारण नायट्रेटशी त्यांचा संयोग होऊन रक्तदाब प्राणघातक इतका खाली येऊ शकतो. मधुमेही पुरुषांत ही तक्रार सामान्य आहे. संकोचापेक्षा प्राण मोलाचा.

औषधाइतकेच महत्त्व आचरणाला आहे. सर्वांत पहिला शत्रू तंबाखू. धूम्रपान आणि पेटका यांचे नाते निःसंशय आहे. विडी असो की सिगारेट, ती सुटलीच पाहिजे. तंबाखूची मिश्री, तपकीर व तोंडात धरावयाची तंबाखू यांतूनही निकोटीन रक्तात जाते आणि ते वाहिन्या आवळते, म्हणून 'मी ओढत नाही, नुसती लावते' हे समाधान खोटे आहे. दुसरी गोष्ट थंडीची. पहाटे गार पाण्याने स्नान करण्याचा नेम ज्यांचा आहे, त्यांनी असा त्रास असल्यास पाणी ऊन करून घ्यावे. त्याने नेम मोडत नाही. तिसरी गोष्ट जोरजोराच्या श्वसनाची. अतिवेगाने श्वास घेणे हे पेटका उत्पन्न करण्याच्या परीक्षेत वापरले गेले आहे. यास्तव हा विकार असलेल्याने भस्त्रिकेसारखे वेगवान प्रकार डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नयेत. मद्यपान, जागरण आणि मनाचा प्रक्षोभ हेही पेटक्याला आमंत्रण देतात. लग्नकार्यात तीन रात्री जागून, पंगतीत जिलेबीचा आग्रह न मोडवून आणि औषधाची वेळ चुकवून घरचा मधुमेही कर्ता पुरुष अंथरुणाला खिळतो, हे आपण पाहत नाही काय? आग्रह करणाऱ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे की, मधुमेह्याच्या पानात वाढलेली एक जिलेबी कमी केल्याने यजमानपणाला उणेपणा येत नाही.

मधुमेह स्वतः ताब्यात ठेवणे हे तर सर्वांचे मूळ. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्ततपासणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची तपासणी नियमित व्हावी. रोजचे चालणे सोडू नये. साखर उतरेल इतके उपास करू नयेत. एकादशी व चातुर्मास हे औषधांच्या वेळा डॉक्टरांशी ठरवूनच पाळावेत.

आणि प्रत्यक्ष प्रसंगी काय करावे? छातीत दाब, कळ, घाम वा धाप सुरू होताच माणसाला बसवावे. चालू देऊ नये, जिना चढू देऊ नये. पूर्वी डॉक्टरांनी जिभेखालची गोळी सांगून ठेवली असेल तर ती बसूनच द्यावी. पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्याला हे दुखणे पहिल्यानेच होत आहे, त्याच्या बाबतीत पाच मिनिटेही थांबू नये. हा पेटका की झटका, हे घरात बसून ओळखता येत नाही. ते आलेख आणि रक्ताची तपासणी यांचे काम आहे. कळ थांबली तरी ती केव्हा आली, किती वेळ टिकली, त्या आधी काय केले होते, साखर किती होती, हे वहीत लिहून ठेवावे. दुखताना काढलेला एक आलेख हा न दुखताना काढलेल्या दहा आलेखांपेक्षा अधिक बोलका असतो.

आपल्या ज्ञातीसंबंधी दोन शब्द. 'आपल्या लोकांत मधुमेह रक्तातच आहे' असे उद्गार मी पुष्कळदा ऐकतो, कधी खेदाने तर कधी जणू कौतुकाने! आनुवंशिकतेचा भाग आहे हे खरे. आईवडिलांना मधुमेह असेल तर मुलांनी लवकर तपासून घ्यावे. परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, प्रौढांपैकी शेकडा ११.४ जणांना, म्हणजे अंदाजे १० कोटी १० लाख लोकांना, मधुमेह असल्याचे आढळले. एवढा मोठा जनसमूह कोणत्याही एका ज्ञातीत मावणारा नाही. रोग गोत्र विचारीत नाही. तेव्हा दैवाकडे बोट दाखविण्यापेक्षा आपण संघटित आहोत, या गोष्टीचा उपयोग करून घ्यावा. आपली संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते, अडल्यानडल्याला हात देते. तिने दरवर्षी याच संमेलनाच्या दिवशी रक्तदाब व रक्तशर्करा तपासण्याची सोय करावी, आणि प्रत्येक सभासद-कुटुंबाला एक साधे कार्ड द्यावे. त्यावर घरातील मधुमेह्याची औषधे, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि छातीत दुखल्यास काय करावे, एवढेच लिहिलेले असावे. खर्च अल्प आहे; लाभ एखाद्या घराचा आधार वाचण्याइतका मोठा आहे.

शेवटी भगिनींना उद्देशून सांगतो. घरातील सर्वांचे दुखणेखुपणे तुम्ही पाहता आणि स्वतःचे मात्र पदराआड झाकता. सणवार आहे, पाहुणे आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, या सबबींवर तुमची कळ पुढे ढकलली जाते. ती ढकलू नका. आणि पुरुषमंडळींनो, घरातील आई, पत्नी, बहीण वा भावजय पहाटे छातीला हात लावून उठून बसली, तर ओव्याचा डबा शोधण्यापूर्वी तिला 'केव्हापासून होते आहे?' एवढे विचारा, आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या. एका दृष्टीने निदानाचा आरंभ तेथूनच होतो.